पाठीवरचा मजकूर

गल्लीत तिला सगळे टिटवी म्हणत. पाय काटकुळे, आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

एकोणिसाव्या वर्षी ती पत्र्याची झाकणं कापणाऱ्या कारखान्यात लागली. तिथल्या यंत्राला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येई, म्हणजे हात आपोआप पात्यापासून लांब राहत. पण काम लवकर उरकावं म्हणून मुकादमाने एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं. एका दुपारी टिटवीचा डावा पंजा गेला. ती दवाखान्यातून परतली तेव्हा चिकटपट्टी निघाली होती आणि अहवालात लिहिलं होतं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग उठली ती पळायलाच लागली. बाबा सुतार. त्यांनी एक ठोकळा करून दिला. शर्यत सुटण्याआधी ओणवं होताना आखूड हात त्यावर टेकायचा. तीन वर्षांत चारशे मीटरसाठी देशपातळीवर निवड झाली. खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. टिटवीने किती उंबरे झिजवले! कौतुक पोतंभर, पैसा शून्य.

शेवटी कारखान्याच्या मालकाचंच बोलावणं आलं.

“सगळा खर्च माझा,” मालक म्हणाले. “फक्त पाठीवर आपलं नाव ठळक हवं. झालं गेलं विसर, पोरी.”

“लांबून वाचता येईल असं घालते, साहेब.”

घरी आई कडाडली, “त्या मेल्याचं नाव मिरवणार तू?”

“मिरवणार. तिकीट काढून झालंय, आई. आता मामाकडे चालले.”

मामाचं कपड्यांवर छपाई करायचं दुकान होतं. मजकूर वाचून तो चपापला. “टिटवे, हे धुतलं तरी जायचं नाही हं.”

“म्हणूनच तुझ्याकडे आले.”

शर्यतीला मालक सहकुटुंब आले, पुढच्याच रांगेत बसले. टिटवीने अगदी शेवटच्या क्षणी जाकीट काढलं. पाठीवर कारखान्याचं नाव, आणि खाली तितक्याच मोठ्या अक्षरांत: ‘माझा हात यांनी खाल्ला.’ मालकीणबाईंनी ते मोठ्याने वाचलं. मालक उभे राहिले, तोच पिस्तूल वाजलं.

पाठ वाचायची तर माणूस मागे हवा, एवढंच टिटवीच्या डोक्यात होतं. शेवटच्या वळणावर पुढे दोघी उरल्या होत्या.

सरळ पट्ट्यावर त्यांनाही वाचायला मिळालं.