कॅप्टन पुलिदोचं वजन

कॅप्टन एवारिस्तो पुलिदोच्या विमानात बसायचं, तर आधी काट्यावर चढायचं, हे विय्याविसेन्सिओच्या विमानतळावर सगळ्यांना ठाऊक होतं. काटा कॉफीची पोती तोलायचा. माणूस वर चढला की कॅप्टन वाकून आकडा बघायचा आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवायचा. बायका लाजायच्या, त्यांचे नवरे खिदळायचे आणि स्वतःची पाळी आली की पोट आत ओढायचे. पोट आत ओढल्यानं वजन कमी होत नाही, हे कॅप्टननं आजवर हजार जणांना समजावलं असेल. एकदा एका गावचा महापौर चढला, तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, "निवडणुकीनंतर अकरा किलो! गाव मानवलं हो तुम्हाला, साहेब."

माणूस दुष्ट नव्हता, फक्त काट्यापुढे कुणाची भीडभाड ठेवत नसे. विमान छोटं, दोन इंजिनांचं, वयानं जवळपास त्याच्याच बरोबरीचं. जायचं ते जंगलातल्या गावांना, जिथं रस्ता पोचत नाही. तिथली धावपट्टी म्हणजे गवताचा पट्टा, आणि पट्टा संपला की लगेच झाडं. त्या झाडांवरून कितीदा चाकं जेमतेम निसटली, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. "विमानाला नातीगोती कळत नाहीत," एवढंच तो म्हणायचा, आणि सासूबाईंचं बोचकंसुद्धा खाली ठेवायचा.

त्या शनिवारी मात्र विमानात सगळी नातीगोतीच होती. पुएर्तो सेलिनाला नेरेइदाचं लग्न होतं. नेरेइदा म्हणजे मेकॅनिक तुलिओची मुलगी. तुलिओ आणि कॅप्टन जिवाभावाचे दोस्त. पोरीच्या बाप्तिस्म्याला कॅप्टनच पाद्रिनो झाला होता, म्हणजे धर्मपिता. ती नऊ वर्षांची असताना तुलिओ तापानं गेला, आणि त्यानंतर पाद्रिनोनं नावापुरता नव्हे, खरोखरचा बाप होऊन दाखवलं. पोरगी हँगरमध्ये पिंपावर बसून अभ्यास करत मोठी झाली. पुढे सेलिनाच्या शाळेत शिक्षिका म्हणून गेली आणि तिथल्याच एका नावाड्याच्या प्रेमात पडली. तिला हाताला धरून वेदीपर्यंत न्यायचं, हे कॅप्टननं तुलिओच्या शवपेटीशेजारी उभं राहून कबूल केलं होतं. आजचा दिवस टाळण्यासारखा नव्हता. सेलिनाला पाद्री तीन महिन्यांतून एकदा नावेनं येतो आणि त्याच दुपारी पुढच्या गावाला निघतो.

सकाळी सातलाच वऱ्हाड काट्यापाशी जमलं. हार्प वाजवणारा आणि त्याची हार्प, गाणारा, चार नातेवाईक, आणि वधूची आत्या तीया ब्रीहिदा. शिवाय कॅप्टनच्या बायकोनं दोन रात्री जागून केलेला तीन मजली केक. बॅगा एकेक करून खाली उतरल्या. शेवटी तीयाची अकरा किलोची पेटी राहिली.

"ही नाही जाणार, तीया," कॅप्टन म्हणाला.

"त्यात माझे लग्नाचे बूट आहेत!"

"लग्न तुमचं नाही."

"मेल्या, तुझा बाप्तिस्मा मी बघितलाय. तेव्हाही असाच बोंबलत होतास!"

सगळे हसले. पेटी उतरली. बेरीज बरोबर हद्दीवर आली, एक किलो वर नाही की खाली नाही. कॅप्टन खूश झाला. त्यानं खिशातली शेवटची आरेपा, मक्याची जाड भाकरी, तोंडात टाकली आणि सहीसाठी पेन काढलं.

सहवैमानिक यादिरा कागद हातात घेऊन तशीच उभी होती. तिला नोकरीला लागून चार महिने झाले होते, आणि तिला कायम करायचं की नाही, हे कॅप्टनच्याच शेऱ्यावर ठरणार होतं.

"कॅप्टन, एक विचारू?"

"विचार. पण पटकन, ढग चढतायत."

"इथं तुमचं वजन चौऱ्याहत्तर लिहिलंय."

"मग?"

यादिरानं फक्त त्याच्या पोटाकडे पाहिलं. पट्ट्याच्या वर शर्टाचं एक बटण जीव मुठीत धरून बसलं होतं.

कॅप्टनचे कान तापले. चौऱ्याहत्तर हा आकडा त्यानं नोकरी लागली त्या दिवशी दिला होता आणि तेव्हापासून रोज सकाळी डोळे झाकून लिहीत आला होता. सेलिनात मुलगी पांढरा झगा घालून बसली होती. त्याच्या मनात आलं, कालपर्यंत याच आकड्यावर विमान उडालंच ना? आजच ही पोर कुठून उपटली? त्यानं तोंड उघडलंही होतं. पण समोर तीया ब्रीहिदा पेटीशिवाय उभी होती. तिला तो काय सांगणार होता?

तो काट्यावर चढला. नकळत त्यानं पोट आत ओढलं.

"त्यानं काही होत नाही, कॅप्टन," यादिरा हळूच म्हणाली.

"मोठ्यानं वाच. मी वाचतो तसं."

"शहाण्णव!"

हार्पवाल्याला हसू आवरेना आणि अख्खं वऱ्हाड खो खो हसायला लागलं. कॅप्टनही हसला, पण बावीस किलो जास्त झाले होते, आणि ते पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं.

"केक इथंच ठेवू," कुणीतरी म्हणालं.

"मी राहते," तीया म्हणाली. "मला काय, पुढच्या लग्नाला जाईन."

"कुणीही राहायचं नाही," कॅप्टन म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी खरं वजन दिलंत. खोटं माझंच होतं."

तो तडक कॅन्टीनकडे गेला. तिथं आज राखीव असलेला कॅप्टन आन्सेल्मो रुएदा पेपर वाचत बसला होता. आन्सेल्मो इतका काटकुळा की गणवेश त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा दिसे. दोघांचं आयुष्यभर पटलं नव्हतं.

"ऊठ, आन्सेल्मो. सेलिनाला तू जातोयस."

"अरे, आज तुझ्या पोरीचं लग्न ना?"

"म्हणून तर. वजन किती तुझं?"

"एकसष्ट."

"काट्यावर चढून दाखव."

एकसष्टच भरलं. आता उलट तेरा किलो शिल्लक राहिले, म्हणजे तीयाची पेटीही बसली. तीयानं जाता जाता कॅप्टनच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "जाड्या, देव तुझं भलं करो." त्यानं यादिराच्या शेऱ्याच्या वहीत तिथल्या तिथं "कायम करावी" असं लिहून सही ठोकली. विमान उडालं आणि ढगाआड गेलं. अंगावर लग्नाचा कोट, काखेत टोपी, असा तो धावपट्टीच्या कडेला उभा राहिला, आणि त्याला रडू आलं. पुसायला रुमालही नव्हता. तो बायकोच्या पर्समध्ये होता आणि बायको घरी, कारण तिच्यासाठी वजनात जागा उरली नव्हती.

बारानंतर तो कंपनीच्या रेडिओच्या खोलीत जाऊन बसला. साडेबाराला खरखर झाली. आपलं बोलून संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, हा रेडिओचा नियम.

"उतरलो रे सकाळीच," आन्सेल्मोचा आवाज आला. "गवत ओलं होतं. पट्टा संपता संपता थांबलो. तुझे ते जास्तीचे बावीस किलो असते तर... जाऊ दे. ही घे, बोल. ओव्हर."

"पाद्रिनो?" नेरेइदा बोलत होती. "लग्न लागलं. ओव्हर."

"तुला वेदीपर्यंत कुणी नेलं? ओव्हर."

"कुणी नाही. आन्सेल्मोकाका हात पुढे करून उभे होते बिचारे. मी म्हटलं, नको. मी एकटीच चालत गेले, उजवा हात थोडा बाहेर काढून, तुम्ही धरलाय असा. फादर म्हणाले, पाद्रिनो कुठायत? मी म्हटलं, ही सगळी माणसं इथं धडधाकट बसलीयत ना, म्हणून ते नाहीत. ओव्हर."

कॅप्टननं माइकचं बटण दाबलं. बराच वेळ तो ते तसंच दाबून बसला. मग सोडलं.

"पाद्रिनो, काही ऐकू आलं नाही. परत बोला. ओव्हर."

"केक कसा झालाय?" तो म्हणाला.

"अजून कापला नाही. पाद्रिनो?"

"हं."

"ओव्हर म्हणायचं राहिलं तुमचं."

"राहू दे," कॅप्टन म्हणाला.