कुलूपवाल्याची मुलाखत

माझी नणंद टाइपिंगला बसली की शेजारचं घर पडलं तरी मान वर करत नाही. कानावर हेडफोन, पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं पेडल, आणि दहाही बोटं कामाला. तीस वर्षं ती दुसऱ्यांचं बोलणं टाइप करते आहे. आधी वकिलांकडे जबान्या, मग विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या घरात पुढची खोली तिची. मी या घरात आले त्याच आठवड्यात तिने बजावलं होतं, "टेबलावरचा कागद हलवायचा नाही, आणि त्यात काय आहे ते विचारायचं नाही." मी विचारायचेच. पण तिने कधी अवाक्षर काढलं असेल तर शपथ!

गेल्या वर्षी तिच्याकडे एक पोरगी मुलाखती टाइप करून घ्यायला आली. पोरगी म्हणायची आपली, चौतीस वर्षांची बाई. सकाळी शिकवण्या घ्यायची आणि दुपारी रेकॉर्डर घेऊन आमच्या वस्तीत दारोदार हिंडायची. आम्ही तिला 'प्रश्नवाली' म्हणायचो. विद्यापीठात पीएचडीची एक जागा निघाली होती, पूर्ण शिष्यवृत्तीची. लोक रस्त्यावर का उतरतात, नागरिक म्हणून आपला हक्क कशाला समजतात, आणि चार लोक काय म्हणतील याचं त्यात किती चालतं, असला काहीतरी विषय. जागा एक, अर्ज ऐंशी. वयाची अट पस्तिशीच्या आतली, तेव्हा हिची ही शेवटचीच संधी. अर्जाला आधीच्या कामाचा नमुना जोडायचा होता, आणि हिचा नमुना म्हणजे आम्ही.

कारण आम्ही दवाखान्यासाठी धरणं धरलं होतं. नगरपालिकेने एका सकाळी वस्तीतल्या दवाखान्याला कुलूप ठोकलं, आत औषधं तशीच. अकरा दिवस आम्ही फाटकासमोर बसलो. बाराव्या दिवशी उजाडलं तर फाटक उघडं! कुलूप फोडलेलं नव्हतं. नीट उघडून कडीला अडकवून ठेवलेलं. लोक आत शिरले, बोभाटा झाला, आणि आठवड्यात दवाखाना सुरू झाला. पण 'अज्ञात इसमावर' गुन्हा दाखल झाला तो झालाच. माझा नवरा कुलपं दुरुस्त करतो, आता वेगळं काय सांगू! पोलिसांनी त्यांना दोनदा चौकीवर बसवून ठेवलं. पुरावा नाही, साक्षीदार नाही, म्हणून सोडलं. वस्तीत सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं.

अर्जांची निवड होती त्या दिवशी दुपारी बाराला प्रश्नवालीचा फोन आला. ताईची, म्हणजे नणंदेची, बोटं कामात, म्हणून तिने स्पीकर लावला. मी तिथेच भाजी निवडत होते.

"मावशी, आज तीनला निवड समिती बसतेय! तिघं जण आहेत. आणि नशीब बघा, त्यातले एक साहेब नगरपालिकेच्या आरोग्य खात्यातले. दवाखान्याचं प्रकरण त्यांना तोंडपाठ असणार."

ताईने काम थांबवलं. "नमुन्याला कुठल्या मुलाखती लावल्यास गं?"

"तीनच. शिंपी नंबर चार, ड्रायव्हर नंबर दोन आणि कुलूपवाला. कुलूपवाला सगळ्यात भारी आहे."

माझ्या हातातली भाजी तिथेच राहिली. "कुलूपवाला म्हणजे कोण, ताई?"

ताईच्या तोंडाचा पार रंग उडालेला. मग मी फोन बंद केला आणि तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. आमच्या ह्यांनी मला न सांगता त्या पोरीला सगळं सांगितलं होतं. कुलूप कुठल्या बनावटीचं, कशाने उघडलं, किती मिनिटं लागली, सगळं! मोठी फुशारकी मारायची हौस! ताईने सख्ख्या भावाचा आवाज ओळखला आणि नेहमीसारखं निमूट टाइप केलं. नावं काढायची एवढंच काम तिला दिलेलं होतं. प्रश्नवाली नावांच्या जागी नंबर घाला म्हणत होती. पण माणसांना नंबर लावायला ती काय कैदी आहेत, म्हणून आमच्या ताईसाहेबांनी प्रत्येकाचा धंदा लिहिला. शिंपी एक ते सहा, ड्रायव्हर एक ते पाच. कुलूपवाल्यापुढे आकडाच नाही.

"अहो ताई, वस्तीत कुलूपवाले कितीसे आहेत?"

"एक," ती म्हणाली. "नाव काढलं की माणूस झाकला जातो असं मला वाटलं गं."

"सख्खी बहीण की वैरीण हो तुम्ही!" मी बोलून गेले. तिने पोरीला परत फोन लावला, तो बंद लागला. चपला घातल्या.

बसमध्ये मी वाटभर त्या पोरीच्या नावाने खडे फोडत होते. आमच्या घराला काडी लावून ही डॉक्टर होणार! ताई मात्र पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसली होती. आम्ही विभागात पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. लांब बोळ, बाहेर बाक, आत लिपिकाचं टेबल. टेबलावर फायलींच्या तीन थप्प्या, समितीतल्या एकेका माणसासाठी एक. प्रश्नवाली इस्त्रीची साडी नेसून बाकावर बसली होती. आम्हाला बघून हसत उठली. आशीर्वाद द्यायला आलो असं वाटलं असावं.

ताईने तिला दोन वाक्यांत सांगितलं. कुलूपवाला वस्तीत एकच आहे, आणि तो माझा भाऊ आहे.

पोरगी थेट लिपिकाकडे गेली. "सर, माझ्या फाइलमधली काही पानं काढायची आहेत."

"मुदत संपली बाई. आता एक पान हलणार नाही. ठेवायची तर अख्खी फाइल ठेवा, न्यायची तर अख्खी न्या." तो काही वाईट माणूस नव्हता. समोर भिंतीवर नियम चिकटवलेला होता, तो त्याने बोटाने दाखवला.

समितीच्या खोलीतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायला लागले. शिपाई पाण्याचे ग्लास घेऊन आत गेला.

तेव्हा ताई पुढे झाली. "मी आत जाऊन सांगते, हे पान मी चुकीचं टाइप केलंय. माझी चूक." जिने तीस वर्षांत एका अक्षराची चूक कबूल केली नाही, ती!

"मावशी, मग ते विचारतील बरोबर काय होतं," प्रश्नवाली म्हणाली. "आणि तेच पान आधी वाचतील."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मनात मी म्हणत होते, ही फाइल नाही काढणार. कोण काढेल? मी तिच्या जागी असते तर काढली असती का? खरं सांगते, नसती.

घड्याळात तीनला चार मिनिटं कमी असताना तिने लिपिकाकडून कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या. त्याने वाचलं, चष्मा काढला. "बाई, पुढच्या वर्षी तुमचं वय बसायचं नाही."

"माहितेय. मी त्यांना शब्द दिला होता, कुणाला कळणार नाही म्हणून."

त्याने थप्प्यांमधून तिच्या तिन्ही प्रती काढल्या, रजिस्टरवर सही घेतली आणि गठ्ठा तिच्या हातात दिला. शिपाई उरलेल्या फायली घेऊन आत गेला. दार लागलं.

तिने तो गठ्ठा तसाच माझ्या पुढे केला. मी तिचे पाय धरायला हवे होते, निदान दोन शब्द तरी बोलायला हवे होते. ते सोडून मी बाकावर बसले आणि कुलूपवाल्याची पानं शोधायला लागले. एखादी प्रत आत राहिली तर? पहिलीत होती, दुसरीत होती. ताई म्हणाली, "अगं, पुरे कर." मी ऐकलं नाही. तिसऱ्या प्रतीत मला ती पानं सापडेनात, पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला लागले. तेव्हा प्रश्नवाली माझ्याशेजारी बसली, आणि तिनेच ती मला काढून दाखवली.