पिल्लाला फिरवणार कोण?

मी जात्याच बडबडी. सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात मी एका बांधीत, म्हणजे भातखाचरात, बोलले की धान कापणाऱ्या बायांना चार बांध्या पलीकडे ऐकू जायचं. अशी मुलगी लग्न होऊन चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीत आली, आणि घरात तोंड उघडायची सोयच नाही! सासूबाई आधीच वारलेल्या. नवरा खाणीत ड्यूटीवर. दिवसभर घरात मी आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही सत्तरच्या दशकातली आमच्याकडची रीत. डोक्यावर पदर, नजर खाली आणि काही हवं-नको असेल तर तिसऱ्या माणसाकरवी.

तिसरं माणूस आणायचं कुठून?

एरवी मी ते निभावून नेलं असतं. पण त्या वर्षी मामाजी गावाकडच्या शेतात बांधावरून घसरले आणि पाय मोडला. हाड जुळलं, प्लॅस्टर निघालं, तरी मामाजी खाटेवरून उठेनात. रोज चालले नाहीत तर गुडघा आखडेल आणि मग जन्मभर खाटच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवऱ्यानं समजावून पाहिलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. उभी हयात खाणीत काढलेल्या माणसाला वसाहतीतून काठी टेकत जायची लाज वाटत होती. मला ते दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. जीव नुसता कासावीस व्हायचा.

त्यातच नवऱ्यानं कुठूनसं कुत्र्याचं पिल्लू आणलं. तपकिरी, पडलेल्या कानांचं, आणि भित्रं तरी किती! खाणीत सुरुंग उडाला की फळीवरची भांडी वाजायची आणि हे थेट मामाजींच्या खाटेखाली. ट्रक गेला की खाटेखाली. दूधवाल्यावर भुंकायचं तेही खाटेखालूनच. बाकीचा वेळ घरात धुडगूस. आधी मच्छरदाणी फाडली, मग माझी चप्पल खाल्ली.

चप्पल गेली त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी पिल्लालाच सुनावलं, चांगलं मोठ्यानं. "काहून रे, तुले फिराले कोण नेईन? तुहा मालक त ड्यूटीवर गेला. मी नवी सून, पदर सांभाळू का तुही दोरी? घरात दुसरं कोणी चालतं-फिरतं हाये का?"

बोलून गेले आणि स्वयंपाकघरात पळाले. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं सुनेनं कुत्र्याला बोलून सासऱ्यांना लावलं होतं. खाटेवरून आवाज आला, तोही पिल्लालाच. "सांग तिले, माह्या पायात दम नाही."

"सांग मामाजीले," मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "बोरिंगपर्यंत जायाले कोणता दम लागते? न फिरवलं त हे असंच भित्रं राहीन."

दुसऱ्या दिवशी मामाजी उठले. एका हातात काठी, एका हातात दोरी. काठीकडे कोणाचं लक्षही गेलं नाही, जो तो पिल्लाचंच कौतुक करत होता.

मी खिडकीतून बघायची. ओढाताण अजिबात नाही. पिल्लू थबकलं की मामाजीही थांबायचे. वसाहतीतली मोठी कुत्री हुंगायला आली की दोरी सैल सोडून उभे राहायचे आणि ओळखपाळख होऊ द्यायचे. मग चहाच्या टपरीपर्यंत मजल गेली. तिथं बाकावर बसून ते पिल्लाला मुरमुरे चारायचे, पण ट्रक आला तरच. पुढं पुढं ट्रक दिसला की पिल्लू शेपूट हलवत मामाजींच्या मुठीकडे बघायला लागलं. घरी आल्यावर मला सगळी बातमी मिळायची. "सांग तिले, आज तू ट्रकले भ्याला नाही."

"सांग मामाजीले, गुडघा दुखते का म्हणून विचारते."

"दुखते म्हणा. पण उद्या बाजाराकडून जाऊन पाहू."

रस्त्यावर मँगनीजची काळी धूळ असायची. मामाजींच्या पायजम्याचा काठ किती काळा झाला, यावरून मला कळायचं की आज ते कुठवर चालले. जितका काळा, तितकी मी खूश. इतक्या आनंदानं मी आयुष्यात दुसरे कपडे धुतले नाहीत. त्या पिल्लाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि मामाजींचेही. सुनेचा आगाऊपणा त्यांना कळत नव्हता थोडाच! मनात आणलं असतं तर एका खाकरण्यानं ते मला गप्प करू शकले असते. त्यांनी मला बोलू दिलं.

पावसाळा संपता संपता, एका बाजाराच्या दिवशी, मामाजी संध्याकाळी एकटेच परतले. हातात नुसती दोरी. माझ्या डोळ्यांपुढे ट्रकच आला. पदर कुठं, रीत कुठं, मी दारात धावले आणि ओरडले, "मामाजी, पिल्लू कुठं हाये?"

ते थबकले. मी त्यांच्याशी बोलले होते, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मामाजींनी दोरी खुंटीला अडकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"टपरीवर खेळून राहिलं, बाई. त्याले आता सारेच ओळखतात. येईन आपल्या पायानं. मी नाही आलो का?"