आडवी होणारी खुर्ची

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. माझ्या खिशात कुठल्या दुकानाची पावती आहे हे जिला माझ्याआधी कळतं, तिच्यापासून मी ही चार वर्षं लपवली. बहिणीपासून लपवली. आईपासून तर — पण थांबा, तिथवर यायचंच आहे. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची हिंमत झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण आधी पॉइंटांचं सांगू द्या. टाळत नाहीये — बरं, टाळतोयच थोडा — पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आणि खरं सांगू? अजूनही तो विषय निघाला की माझ्या अंगात वारं शिरतं!

मी भूगोलाचा मास्तर. नगरला सावेडीत फ्लॅट आहे, मूळ गाव काष्टी. बावीस वर्षं पोरांना खंड, महासागर, अक्षांश-रेखांश शिकवले, आणि स्वतः विमानात पाय ठेवलेला नव्हता. अशा माणसाला एक दिवस स्टाफरूममध्ये कुणीतरी सांगतं, की सर, क्रेडिट कार्डावर खरेदी केली की पॉइंट मिळतात, ते पॉइंट विमान कंपनीकडं वळवता येतात, आणि पुरेसे साठले की लाखांची सीट जवळजवळ फुकटात! नुसती सीट नाही — बिझनेस क्लास. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एक माणूस ढगांच्या वर, पांघरूण घेऊन, चक्क आडवा पडलेला. खुर्चीचा पलंग झालेला! मी तो व्हिडिओ तीनदा बघितला. पुढचा तास आठवी ब चा होता, काय शिकवलं देव जाणे.

त्या दिवसापासून मी पिसाटलो. कुणी नुसतं 'फ्रिज आवाज करतोय' म्हटलं तरी माझे कान टवकारायचे. शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर माझ्या कार्डावर. चुलत भावाचा रोटाव्हेटर माझ्या कार्डावर. ते मला रोख पैसे देत, मी कार्ड घाशी, बिल वेळेवर भरी — व्यवहार चोख, पॉइंट माझे. काष्टीच्या बाजारात गाई-म्हशींचे सौदे बघून तर जीव तुटायचा. एवढी उलाढाल, आणि एकाही व्यापाऱ्याकडं कार्डाचं मशीन नाही! चुलत्यांच्या दहाव्याचा किराणासुद्धा मी कार्डावर घेतला. लाज वाटते सांगायला — पण त्या आठवड्यात किराण्यावर पॉइंट दुप्पट होते हो.

आता विचाराल, लोकांनी मला असं करू कसं दिलं? आईसाठी. सगळं आईच्या नावावर चाललं होतं.

माझी धाकटी बहीण मनीषा लंडनला असते. तिचे दिवस भरत आले होते आणि आईनं बाळंतपणाला जायचं ठरवलं होतं. आई बहात्तरची. दोन वर्षांपूर्वी गोठ्यात घसरून पडली, तेव्हापासून कंबर गेलेली. अर्धा तास एका जागी बसली की उठताना डोळ्यांत पाणी यायचं. अशा बाईला नऊ-दहा तास बसवून कसं न्यायचं? तेव्हा मी भावकीत जाहीर करून टाकलं, की आईला आडव्या होणाऱ्या खुर्चीत झोपवून नेणार. तिला सोडायला मी जाणार, पण मी आपला मागं, साध्या सीटवर. काय वाहवा झाली माझी! सख्ख्या-चुलत सगळ्यांनी आपापली खरेदी माझ्या हवाली केली. मिरजगावच्या मामांनी तर मुलीच्या लग्नाचं सोनं घेताना सराफाच्या दुकानात मला बोलावून घेतलं. नोटांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "घास बाबा कारड. आक्का झोपून जानार आसंल तर दोनदा घास!"

सगळं दुकान हसलं होतं. मीही हसलो होतो. तेव्हा माझ्या मनात काहीच काळं नव्हतं, हे खरं आहे. का होतं? आता मलाच सांगता येत नाही.

पॉइंट साठले. एका सीटपुरते. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसलो होतो, आणि आम्हाला हव्या त्याच तारखेला, दुपारच्या विमानात, पॉइंटांवर मिळणारी एक सीट दिसली. एकच! प्रवाशाच्या नावाची चौकट उघडली. मी आईचं नाव लिहायला घेतलं — पहिलं अक्षर टाकलंसुद्धा.

मग ते पुसलं.

त्या वेळी मनाशी काय काय म्हणालो, सांगू? आईला ती बटणं जमायची नाहीत. एकटी घाबरेल. तिथं सगळे सुटाबुटातले, तिला अवघडल्यासारखं होईल. खोटं. सगळं खोटं. मला तिथं झोपायचं होतं. ढगांच्या वर, मला. मी चौकटीत माझं नाव लिहिलं, आणि आईचं साधं तिकीट वेगळं, पैसे भरून काढलं. गावात सांगितलं, की झोपायच्या सीटा संपल्या, पॉइंटांत दोन साधी तिकिटं आली, तीही लांब-लांबची, आईची मागं, माझी पुढं. कुणी शंका घेतली नाही. आई तर हसलीच. म्हणाली, "मरू दे की. मी काय बाळंतीन हाय व्हय झोपून जायला?"

उलट तिला माझीच काळजी. पुढं म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर आमच्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपा आल्या. त्यात ड्रायव्हर स्वतःशेजारी चार माणसं कोंबतो आणि शेवटच्याच्या गुडघ्यांमध्ये गिअर येतो. "डायवरजवळ बसायचं म्हंजी हाल रं तुजं," म्हणाली. मी मान हलवली.

मुंबईला विमानात तिला मागं खिडकीपाशी बसवलं, पट्टा लावून दिला. शेजारी एक पंजाबी बाई होत्या, त्यांना हिंदीत म्हणालो, जरा लक्ष असू द्या. आणि मग मी पुढं गेलो. चालत नाही — जवळजवळ पळत! पडद्यापलीकडं पाऊल टाकलं आणि काय सांगू तुम्हाला! गरम टॉवेल, त्याला लिंबाचा वास. कापडी सपाता. एक बटण दाबलं की पाय वर, दुसरं दाबलं की पाठ खाली. मी ती खुर्ची चार वेळा आडवी करून सरळ केली. हे सगळं सांगताना अजूनही मजा वाटतेय, आणि तेच तर वाईट आहे. मी त्या खुर्चीत सुखी होतो. मनापासून सुखी.

शेजारी पुण्याचे एक कारखानदार होते. त्यांनी विचारलं, आपण काय करता? मास्तर आहे, हे सांगायला काय जात होतं? पण अंगात नवा निळा कोट, हातात काचेचा ग्लास — मी म्हणालो, कांद्याची एक्सपोर्ट आहे. त्यांनी लगेच आदरानं भाव विचारला. मी भावही ठोकून दिला.

आणि आता ते सांगतो.

जेवणं झाली होती. पडदा सारून एक हवाईसुंदरी आली. हातात कागदी रुमालात बांधलेलं काहीतरी. सरळ माझ्याकडं आली, वाकून हळू आवाजात इंग्रजीत विचारलं — मागं नऊवारीतल्या एक आजी आहेत, मोडक्या हिंदीत म्हणतात की त्यांचा मुलगा पुढं बसलाय, निळ्या कोटात, त्याला जेवण मिळालं नसेल. हे त्यांनी दिलंय. त्या आपल्या आई आहेत का?

रुमाल थोडा उघडा होता. आत एक पाव, लोण्याची वडी आणि झाकण न काढलेली गुलाबजामची डबी. आईला जेवणात मिळालेलं.

कारखानदार माझ्याकडं बघत होते. ती मुलगीही. मी हो म्हटलं असतं तर तिनं माझ्या आडव्या खुर्चीकडं पाहिलं असतं, मग मागच्या म्हातारीचा विचार केला असता... तेवढं एक बघणं मला नको होतं. एवढंच. तेवढ्यासाठी —

मी म्हणालो, नाही. मी एकटाच प्रवास करतोय.

ती सॉरी म्हणाली आणि रुमाल घेऊन परत गेली.

जीभ का झडली नाही? लगेच उठून मागं का गेलो नाही? ठरवलं होतं, हे कारखानदार झोपले की जाऊन येऊ. तोवर पाठ टेकू जरा. टेकली. आणि झोप अशी लागली — काय सांगू, आयुष्यात तशी झोप मला लागली नव्हती. जाग आली ती विमान उतरायला लागल्यावर, खुर्ची सरळ करा म्हणून हवाईसुंदरीनं हलवलं तेव्हा.

पुढच्यांना आधी सोडतात. मी बाहेर येऊन भिंतीशी उभा राहिलो. माणसं येत राहिली, येत राहिली. सगळ्यांत शेवटी आई आली, त्या पंजाबी बाईंचा दंड धरून, कंबरेत अर्धी वाकलेली. मला पाहिलं आणि तिथंच थांबली. मग दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं, आंधळ्या माणसानं चाचपावं तसं.

"हायस व्हय रं तू! त्या पोरीनं सांगितलं, पुढं तुमचा ल्योक न्हाई. मला वाटलं, तू खालीच ऱ्हायलास. म्हनलं, आता कुनाला काय इचारू? मनीच्या घरचा पत्ताबी तुज्याच खिशात."

त्या पंजाबी बाईंनी मला बाकीचं सांगितलं. त्यानंतर माँजींनी घास खाल्ला नाही. डोळा मिटला नाही. आणि जागेवरून उठल्या नाहीत — एकदाही नाही, मोरीलासुद्धा नाही. मुलगा शोधत आला आणि जागेवर दिसले नाही तर, म्हणत होत्या. ज्या बाईला अर्धा तास बसवत नव्हतं, ती एवढ्या मोठ्या आभाळात, आपण एकटीच आहोत असं समजून बसून राहिली होती. आणि तिच्यापासून पन्नास-साठ पावलांवर मी पांघरूण घेऊन घोरत होतो.

तेव्हा तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. म्हणालो, "अगं, तिला तुझं हिंदी कुठं कळतंय? दुसऱ्याच कुणाला विचारलं असेल तिनं." आईला ते लगेच पटलं. म्हणाली, व्हय, तसंच झालं आसंल. मग पिशवीतून तो रुमाल काढला आणि मला तिथंच उभ्या उभ्या गुलाबजाम खायला लावला. मी खाल्ला. दोन्ही खाल्ले.

मनीषाकडं गेल्यावर आई चार दिवस सरळ उभी राहू शकली नाही. बाळंतपण करायला आलेली आई पडून, आणि नववा महिना लागलेली पोर गरम पाण्याची पिशवी घेऊन तिची कंबर शेकतेय. मी शेजारच्या खोलीत जावयाला सांगत होतो, की प्रवासाचा शीण आहे, वय झालंय. त्याच आठवड्यात मामांचा फोन आला, आक्काला प्रवास सोसला का म्हणून. मी म्हणालो, छान झाला.

गावात आजही तो किस्सा रंगतो. आई स्वतःच सांगते — इमानात मी कशी एकटी पडले, आन् हा कसा पुढं डायवरजवळ आखडून बसला हुता. लोक हसतात. माझ्या पाठीवर थाप मारतात. कार्ड अजून आहे, पॉइंट अजून साठतात, आणि साठले की अजूनही मला तसाच हर्ष होतो — तोही गेला नाही. जायला हवा होता ना?

दोन महिन्यांनी मी आईला आणायला गेलो. येताना आमच्या सीटा शेजारी-शेजारी होत्या, साध्या, तीन-तीनच्या रांगेत. विमान सुटल्यापासून तिनं माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून ठेवली होती. हसून म्हणालो, आई, सोड गं, कुठं जातोय मी? तिनं सोडली नाही. मध्ये कधीतरी मी संडासला म्हणून उठलो, तर तीही उठली. खुर्च्यांच्या पाठी धरत, एकेक पाऊल टाकत माझ्यामागं आली. मी आत गेलो, कडी लावली. तेवढ्यात विमान हलायला लागलं. हवाईसुंदरी तिला सांगत होती, आजी, जागेवर बसा, उभं राहू नका. इंग्रजीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं. आई हलेना.

"माजा ल्योक हाय आत," ती म्हणत होती. दारावर हात ठेवून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्यो माजाच ल्योक हाय."

मी आत उभा होतो. मला सगळं ऐकू येत होतं.