सिलॅबसबाहेरचा तुकडा

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री माझी वहिनी, तेव्हाची शाळकरी पोर, अहमदपूरला मावशीकडे मुक्कामी होती म्हणून वाचली. निलंग्याकडच्या तिच्या गावात माहेर असं उरलंच नाही. पुढे आमच्या घरात ती एक शब्द घेऊन आली. तिच्याकडे आईला ‘अव्वा’ म्हणत. लेक झाल्यावर तिनं तो लेकीच्या तोंडी बसवला. “आपल्या घरात हे कानडी कुठून घुसलं गं?” म्हणून माझी आई चिडवायची. वहिनी हसायची, पण बधली नाही. मावशी वारल्यावर मला म्हणाली, “ताई, माझ्या मायची हाक आता ह्या एका पोरीच्या तोंडात उरली.”

कोरोना ओसरल्यावर भाची लातूरला माझ्याच क्लासला आली. मी तिथं जीवशास्त्र शिकवते. फोनवरचं ‘अव्वा’ ऐकून हॉस्टेलच्या पोरींनी तिची लई टर उडवली.

एकदा आरएनए विषाणू शिकवताना मी वाहवत गेले. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले, की नक्कल उतरवणारं एन्झाइम कधीकधी मध्येच एकाला सोडून दुसऱ्याची नक्कल करू लागतं. असाच आलेला असावा असा एक छोटा तुकडा एकमेकांच्या नात्यागोत्यात नसलेल्या विषाणूंच्या घराण्यांत जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. मूळ कुणाचा, ठाऊक नाही.

सगळ्यांनी पेनं खाली ठेवली. पुस्तकात ओळ नाही म्हणजे आमच्याकडे ती गोष्ट जगातच नाही! मला याचा संताप येतो.

भाची मात्र हात वर करून उभी राहिली. “मॅडम, तो तुकडा गळाला तर?”

“कोरोनातही होता तो. त्याच्या पुढच्या काही प्रकारांत गळालाच. विषाणूचं काही अडलं नाही.”

तिनं मान हलवली आणि खाली बसली.

रविवारी वहिनी धपाटे घेऊन आली. हॉस्टेलच्या फाटकाशी आयांची ही गर्दी. आतून भाचीची हाक आली, “मम्मी! ए मम्मी!”

वहिनीनं मागे वळून बाकीच्या बायांकडे पाहिलं.

“कुणाची माय हाय बघा की ताई. लेकरू कवाचं हाका मारायलंय.”

ती हाक तिलाच आहे, हे मला काही केल्या सांगवेना.