पोळ्यांचं यंत्र

बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ बँकेत मोठे साहेब आहेत. पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे पोळ्यांचं यंत्र. टीव्हीवर घरबसल्या खरेदी नवी होती, तेव्हा मागवलेलं. "तेव्हा माणसं जीव तोडून विकायची हो! आता नुसतं फोनवर बोट टेकवायचं," असं ते दर शुक्रवारी आम्हाला जेवायला बोलावून सांगत. मग टीव्हीतल्या विक्रेत्यासारखे हात पसरत. "गोळा ठेवा, दाबा, खलास!" आतून वहिनींच्या लाटण्याचा आवाज आला, की स्वतःचा आवाज चढवत. पोळ्या मऊसूत असत. आम्ही यंत्राचं कौतुक करायचो.

गुडघे गेले म्हणून वहिनी यंदा कायमच्या सांगलीला परतल्या. पुढच्या शुक्रवारी साहेबांनी यंत्र दिवाणखान्यात आणून लावलं. ते गार ते गारच. त्यांनी वहिनींना फोन केला आणि स्पीकरवर ठेवला.

"अहो, ते कधीच जळालंय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही इतकं रंगून सांगायचात, म्हटलं, सांगू देत."

आम्ही रिकाम्या ताटांकडे पाहत राहिलो. साहेबांनी फोन बंद केला आणि त्याच विक्रेत्याच्या आवाजात म्हणाले, "बायकांना यंत्र हाताळताच येत नाही."

आम्ही सवयीने माना डोलावल्या.