मामूंच्या डबीतला इस्क्रू

इस्क्रूमामूंनी दुरुस्त केलेली वस्तू आमच्या बीडमध्ये लगेच ओळखू यायची. तिचा एक इस्क्रू गायब असायचा. रेडिओ असो की टीव्ही, मामू सगळं ठाकठीक करून द्यायचे, पण शेवटचा इस्क्रू चिटोऱ्यात गुंडाळून, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहून तंबाखूच्या डबीत टाकायचे. "आठ दिस चालवून बगा, मग या. इस्क्रू लावला की काम पुरं." खरं कारण निराळंच होतं. वस्तू चालू झाली की माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही, आणि मामूंना चहाला सोबत लागायची.

बसस्टँडमागच्या बोळात त्यांचं दुकान. यंत्र कुठलंही आणा, आधी शाळकरी पोराचं खोडरबर बाहेर निघायचं. "निम्मे रोग मळाचे असत्यात. माणसाचेबी," असं म्हणत ते पितळी पट्ट्या चकचकीत करायचे. गिऱ्हाइकानं घाई केली तर मुद्दाम अजून हळू घासायचे.

मी त्यांच्याकडं गेलो तो लहानपणीचा होम कॉम्प्युटर घेऊन. गणिताचे प्राध्यापक असलेल्या माझ्या वडिलांनी तो पुण्याहून जुना विकत आणला होता. कीबोर्डच्या पोटातच सगळं, वायर टीव्हीला जोडायची. मागच्या पोर्टमध्ये गेमचं कार्ट्रिज खुपसलं की मी राजा. मी दहावीत गेलो आणि ते पोर्ट मेलं. गणिताचे प्रोग्रॅम झकास चालायचे, गेम तेवढा लागेना. वडिलांनी निकाल दिला, "चिवड्याचे तेलकट हात लावलेस ना? भोग आता."

वडील जाऊन वीस वर्षं झाली, पण त्यांची लाडकी वस्तू मी बिघडवली ही बोच काही गेली नाही. पन्नाशी आली तरी मी चिवडा चमच्यानं खातो. सासुरवाडीत त्यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. मला ते पोर्ट एकदा तरी चालू झालेलं बघायचं होतं.

मामूंनी कॉम्प्युटर पालथा केला. बुडाला चारांपैकी तीनच इस्क्रू. ते उठले, फळीवरून एक गंजकी डबी काढली आणि चिटोरं उलगडलं. त्यावर माझ्या वडिलांचं नाव होतं.

"म्हणजे हा आधी तुमच्याकडं आला होता?"

"आलता की. अगदी ठणठणीत आलता. सर म्हनले, पोराची दहावी हाय, पोर्ट बंद करा, पर बिघडवू नका. मग बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश पोर्टाच्या पट्ट्यांवर फिरवलं, करंटच अडला. परीक्षा झाली की पुसून देतो म्हनलो. सर परत आलेच न्हाईत."

"आणि चिवडा?"

"ते सरांचं डोकं. चिवड्यात मी न्हाई."

मला आधी हसू आलं, मग वडिलांचा सणसणीत राग आला, मग चक्क रडू आलं. मामूंनी रिमूव्हरनं नेलपॉलिश उतरवलं आणि खोडरबर माझ्या हातात दिलं. "घासा. तुमच्याच घरचा मळ हाय." त्या संध्याकाळी पस्तीस वर्षांनी गेम लागला, आणि चौथा इस्क्रूही.

पुढं काय व्हायचं ते झालं. माझ्या लेकीनं गेमचा ताबा घेतला, आणि ती दहावीत गेली. जूनमध्ये मी कॉम्प्युटर काखेत मारून गुपचूप मामूंकडं गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "नेलपॉलिश आणलंय का?" मी खिशातून बाटली काढली.

"बापावर गेलात. पर परीक्षेनंतर या. सरांवानी करू नका." इस्क्रू डबीत गेला. घरी मी लेकीला सांगितलं, वेफर्सचे तेलकट हात लावलेस ना? दुसरं काही सुचलंच नाही मला.

फेब्रुवारीत मामू गेले. चहा पिताना हसत होते, आणि गेले. परीक्षा संपल्यावर मी दुकानात गेलो, तेव्हा मामींनी सगळी चिटोरी काउंटरवर मांडून ठेवली होती, ज्याचा त्यानं न्यावा म्हणून. माझं सापडलं. नावाखाली मामूंनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पोरीला खरं सांगा.'

घरी येऊन मी पोर्ट पुसलं, खोडरबरानं घासलं, इस्क्रू लावला आणि लेकीला सगळं सांगितलं. आजोबांचं, चिवड्याचं, माझं. वर्षभर वेफर्स चिमट्यानं खाणारी ती पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चिवड्याची बशी माझ्यापुढं ठेवली आणि चमचा काढून घेतला.